आधी पडले की आधी झटका आला

हॅमिल्टन,
ऑक्टोबर संपत आला

तीर्थस्वरूप वन्सं यांना सुनेत्राचा नमस्कार.

इकडचं सगळं ठीक आहे असं लिहून पत्र सुरू करायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण ते लिहिलं तर पुढे लिहायला काही उरणार नाही, आणि मला आज पुष्कळ लिहायचंय. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं इरावतीकडून कळलं. थेंब वेळेवर घालताय ना? रात्रीचं वाचन डॉक्टरांनी बंद केलंय म्हणे, ते खरोखर बंद केलंत की नुसतं हो म्हणालात? शेजारच्या कांचनताई अजून संध्याकाळी येऊन पेपर वाचून दाखवतात का? (दाखवत असतील तर हे पत्र त्यांच्या हाती देऊ नका. भिंग घेऊन स्वतः वाचा. मी मुद्दाम मोठं अक्षर काढलंय.) फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून मला ओरडून बोलावं लागतं, आणि मी ओरडले की शेजारच्या खुर्चीतून तुमचे बंधू "तसं काही नाही गं ताई" असं मध्येच म्हणतात, आणि तुम्ही लगेच त्यांचंच खरं धरता. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. म्हणून आता कागद. कागदावर त्यांना मध्ये बोलता येत नाही.

मे महिन्यात ह्यांना झटका आला हे तुम्हाला कळलंच आहे, पण पुढे काय काय झालं ते आम्ही तुमच्यापासून लपवलं. आता ऐका. मागच्या अंगणात आमचं फिजोआचं झाड आहे. (फिजोआ म्हणजे पेरूच्या लांबच्या नात्यातलं एक हिरवं फळ. त्या दिवसांत इथे प्रत्येकाच्या घरी इतकं पिकतं की लोक पिशव्या भरभरून एकमेकांच्या दारात ठेवून पळून जातात.) हे बादली घेऊन खाली पडलेली फळं वेचायला गेले. मी आत कढीला फोडणी देत होते. बराच वेळ झाला तरी आत येईनात म्हणून बघायला गेले, तर हे झाडाखाली आडवे, बादली उपडी, एक सपात पायात आणि दुसरी कुंपणापाशी. अॅम्ब्युलन्स लगेच आली, हॉस्पिटलात चांगलं बघितलं, एक पैसा मागितला नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार घरी आल्यावर सुरू होते.

इथे सरकारनं प्रत्येकाचा अपघाताचा विमा उतरवलेला आहे. अगदी चार दिवस फिरायला आलेल्या पाहुण्याचासुद्धा. शिडीवरून पडलात, बर्फावर घसरलात, दारात बोट चेमटलं, की अपघाताचं खातं धावत येतं. घरी माणूस पाठवतं, आंघोळ घालतं, कपडे चढवतं, टॅक्सीनं फिजिओकडे नेतं. पण तुम्ही पडला नाहीत, नुसते आजारी पडलात, तर ते खातं तुमचं तोंडही बघत नाही. तुम्ही आरोग्यवाल्यांचे. आणि आरोग्यवाल्यांकडे रांग. म्हणजे एकाच गल्लीत दोन माणसं, दोघांचाही डावा हात लुळा, एक पडून झाला म्हणून राजा आणि दुसरा आजारानं झाला म्हणून भिकारी. हा कायदा ज्यानं केला त्याला मी आमच्या झाडाखाली उभं करून विचारणार आहे.

तर अपघातवाल्यांचा फोन आला. एक तरुण पोरगी, आवाज गोड, मला विचारते, ते आधी पडले आणि मग झटका आला, की आधी झटका आला आणि मग पडले? मी म्हटलं, बाई, मी कढी करत होते. ती म्हणाली, कोणी पाहिलं का? मी म्हटलं, झाडानं पाहिलं. ती म्हणाली, मग पेशंटलाच विचारू या. तेव्हा पेशंटची वाचा गेलेली होती! पुढे महिन्याभरात स्पीच थेरपीनं वाचा हळूहळू परत आली, आणि वन्सं, तुमच्या भावानं परत आलेल्या वाचेचा पहिला उपयोग काय केला असेल? त्या पोरीचा पुन्हा फोन आल्यावर एकेक शब्द जुळवत तिला सांगितलं, की आधी डावा हात बधिर झाला, तेव्हाच मला कळलं, आणि मग मी पडलो. संपलं. अपघाताचं दार बंद. मी त्यांना खोटं बोला असं म्हणत नव्हते. आठवत नाही एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! थेरपीत त्याहून अवघड शब्द शिकवले होते.

आता ह्या सत्यवादी माणसाचं पुढचं ऐका. जुलैत आरोग्यवाल्यांची बाई घरी आली. असेसमेंट म्हणतात त्याला. ह्या माणसाला काय काय जमत नाही ते ती बघून जाते, आणि त्याप्रमाणे घरी मदतीला माणूस किती वेळ द्यायचा ते ठरतं. म्हणजे वन्सं, त्या एका सकाळी आपण जितके गलितगात्र दिसू तितकं बरं. इरावतीनं ऑकलंडहून फोन करून दोनदा बजावलं, बाबा, प्लीज, बी ऑनेस्ट, हाउ बॅड इट इज ते सगळं सांगा. (ती स्वतः हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, तिला ह्या लोकांची रीत माहीत आहे.) हे हो म्हणाले. आणि सकाळी उठून मला म्हणतात, दाढी कर माझी, बाई येणारेय. मग म्हणाले, निळा इस्त्रीचा शर्ट काढ. मग म्हणाले, तो वॉकर आतल्या खोलीत ठेव, दिवाणखान्यात बरा दिसत नाही.

बाई आली. हे खुर्चीतून उठून उभे राहिले! त्याआधी आठवडाभर मी बगलेत हात घातल्याशिवाय उठलेले नव्हते. तिच्याशी हात मिळवला. तिनं विचारलं, स्वतः आंघोळ करता येते का? "ऑफकोर्स." कपडे? "नो वरीज." रात्री उठावं लागतं का? "स्लीप लाइक अ बेबी." (झोपतात बाळासारखेच. रात्रीत दोनदा चादर बदलावी लागते.) मी मागे उभी राहून खुणा करत होते, तर तिला वाटलं मी माशी हाकलतेय. शेवटी तिनं विचारलं, घरात मदतीला कोण? तर हे माझ्याकडे बघून, अभिमानानं छाती फुगवून म्हणतात, "माय वाइफ इज व्हेरी स्ट्राँग." ते तिनं लिहून घेतलं. वन्सं, इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला तो तिथे, आणि त्यानं माझी वाट लावली. आठवड्यातून दोनदा आंघोळीपुरती मदत मंजूर झाली. बाकीच्या दिवशी व्हेरी स्ट्राँग वाइफ आहेच.

मदतीला एजन्सीकडून येणारी माणसंही सुरुवातीला दर वेळी नवी. एकदा सकाळची वेळ सांगून आम्ही जेवायला बसल्यावर आली आणि वरणभाताच्या ताटावरून उठवून ह्यांना आंघोळीला नेलं. एकानं शँपू म्हणून माझं भांडी घासायचं लिक्विड वापरलं. (केस मात्र स्वच्छ निघाले.) मग मेरे यायला लागली आणि जरा निभायला लागलं. मेरे ही इथलीच माओरी बाई, पन्नाशीची, दांडगी, दारातूनच "किया ओरा, पापा!" (किया ओरा म्हणजे त्यांचा नमस्कार) अशी हाक देते की ह्यांचा चेहरा उजळतो. तिचं नाव पहिल्यांदा ऐकल्यावर हे म्हणाले, मेरे? मेरे क्या? आणि आजारपणानंतर पहिल्यांदा स्वतःच्याच विनोदावर हसले. तिला मी हिंदीतला अर्थ समजावून सांगितला तर ती म्हणाली, "स्वीट ॲज, आय ॲम योर्स देन." (स्वीट ॲज म्हणजे इथल्या बोलीत छानच की.)

पण ऑगस्टमध्ये एका सकाळी मेरे रजेवर होती आणि तिच्या जागी कोणी फिरकलंच नाही. एजन्सीला फोन केला तर "सॉरी, वी आर शॉर्ट टुडे." रात्री चादर भिजलेली, ह्यांना तसंच बसवून ठेवणार का मी? मी स्वतः बाथरूममध्ये नेलं, स्टुलावर बसवलं, साबण लावला, आणि पाठ चोळायला वळले तर स्टूल सरकलं. वन्सं, त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी सांगू शकत नाही. मी दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांचं सगळं वजन माझ्या उजव्या खांद्यावर आलं. आत काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं, पण मी सोडलं नाही. भिंतीला पाठ लावून तशीच हळूहळू खाली सरकले, आणि आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून राहिलो. वरून नळ चालूच. ते "सॉरी सॉरी" म्हणत होते आणि मी त्यांना शिव्या देत होते. पलीकडच्या घरातला देवव्रत आवाज ऐकून आला तेव्हा उठलो.

डॉक्टरकडे गेले. खांद्याचा स्नायू फाटलाय म्हणाले. कसं झालं विचारलं, मी सांगितलं. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, दॅट्स ॲन ॲक्सिडेंट! आणि तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर टकटक करून मला अपघातवाल्यांच्या हवाली केलं. पुढच्याच आठवड्यात मला माणूस मंजूर. रोज! मला आंघोळ घालायला, वेणी घालायला, कपडे चढवायला. आणि सकाळी दार वाजलं तर बाहेर कोण? मेरे.

आता डोळ्यांसमोर आणा. मेरे रोज येते. मला न्हाऊमाखू घालते. माझी वेणी घालते, साडी जमत नाही म्हणून पंजाबी ड्रेस चढवते. आणि समोर खुर्चीत तुमचे बंधू, दाढी वाढलेली, पायजम्याला कालच्या आमटीचा डाग, आंघोळ थेट गुरुवारी. मी तिला म्हटलं, अगं, मला राहू दे, त्यांना घाल. ती म्हणाली, नाही गं, तुझ्या प्लॅनमध्ये त्यांचं नाव नाही, त्यांना हात लावला आणि काही झालं तर माझी नोकरी जाईल. तिनं एजन्सीला विचारलंसुद्धा. एजन्सी म्हणाली, तुझी ही वेळ अपघातवाल्यांची आहे, पेशंट आरोग्यवाल्यांचे, सरमिसळ चालणार नाही. अंतर किती, तर हात लांब केला तर पोचेल एवढं. एकदा मात्र तिनं खाली वाकून पटकन ह्यांच्या पायांत मोजे चढवले आणि मला म्हणाली, मी काही केलं नाही, तू काही बघितलं नाहीस. आपण आपल्याच घरात मोजे घालायचे ते चोरून!

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी आरोग्यवाल्यांना फोन लावला. बराच वेळ कानात होल्डची गिटार वाजत राहिली. मग एक मुलगा आला, त्याला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, तो म्हणाला, आय हिअर यू, पण वेटिंगवर हीप्स ऑफ पीपल आहेत. तेव्हा मी त्याला शांतपणे विचारलं (इरावती म्हणते शांतपणे नव्हतं, ती त्या दिवशी ऑकलंडहून आलेली, बाहेरच्या खोलीत होती), की बाबा रे, मी ह्यांना उद्या सकाळी मागच्या पायरीवरून ढकलून दिलं तर तो अपघात धरतील का? इरावती धावत आली, "आई! दे रेकॉर्ड दीज कॉल्स!" म्हणत माझ्या हातातून फोन काढून घेतला.

वन्सं, कित्येक आठवडे ज्या लोकांना आमच्याकडे बघायला वेळ नव्हता, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. मला मदत करायला नव्हे हं. तुमच्या भावाला माझ्यापासून वाचवायला.

आलेली बाई नवी होती, वयानं मोठी, पांढरे केस, बोलायला सभ्य. मला म्हणाली, मला रमणशी जरा एकट्याशी बोलायचंय. मला माझ्याच स्वयंपाकघरात पाठवून दिलं. दार नीट लागत नाही ते बरं. ती अगदी हळू आवाजात विचारत होती, रमण, तुला ह्या घरात सुरक्षित वाटतं का? सुनेत्रा तुझ्यावर कधी हात उचलते का? तुला कधी ढकलते का?

ह्यांना आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग कळलं. आणि मग वन्सं, जो आवाज आला तसा आवाज मी त्यांच्या कंपनीतल्या भांडणांच्या वेळीसुद्धा ऐकला नव्हता. बोलले इंग्रजीतच, अडखळत, थुंकी उडवत, मी मराठीत लिहिते. "ती? ती मला ढकलते? मला स्वतःच्या पायजम्याची नाडी बांधता येत नाही, ती बांधते! मी रात्री अंथरूण ओलं करतो, ती धुते! माझा हा हात मेलाय, बघा, मेलाय! मी एका जागी बसून राहतो आणि ती मला उचलते. माझ्यामुळे तिचा खांदा फाटला. त्या आधीच्या बाईला मी सगळं खोटं सांगितलं. मला काही येत नाही. काही म्हणजे काही येत नाही! आणि तुम्ही मला तिच्याबद्दल विचारता?" असं म्हणून चांगल्या हातानं टेबलावर अशी मूठ मारली की चहाचा कप खाली.

मी ओट्याला धरून उभी होते. आत जावं की नाही कळेना. जी गोष्ट मी त्यांच्याकडून महिनोन्महिने वदवून घेऊ शकले नाही, ती त्यांनी माझ्यासाठी भांडताना एका दमात सांगून टाकली, आणि ती ऐकताना मला वाटत होतं, पुरे आता, कोणीतरी थांबवा ह्यांना. आत गेले तेव्हा ती बाई गुडघ्यांवर बसून कपाचे तुकडे गोळा करत होती आणि हे खिडकीबाहेर बघत होते. तिनं मला काही विचारलं नाही. फक्त माझ्या चांगल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, हे आम्हाला जुलैतच दिसायला हवं होतं.

तेवढं कबूल केलं म्हणून मी तिला दुसऱ्या कपातून चहा दिला. नाहीतर दिला नसता.

आता रोज सकाळ-संध्याकाळ माणूस मंजूर झालाय, वर्षातून काही दिवस मला पूर्ण सुट्टीसुद्धा. मेरे सकाळी येते, आता दोघांसाठी. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा ह्यांनी स्वतःहून चांगला हात वर केला, सदरा काढायला. त्या आरडाओरड्याबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललेलो नाही. पण माझा राग गेलेला नाही, वन्सं, तो जाणारही नाही. माझ्याकडे इंग्रजी होतं, इरावती होती, आणि फोनवर वाटेल ते बोलायची हिंमत होती. ह्याच रस्त्यावर कोपऱ्यावरच्या डेअरीच्या वर (डेअरी म्हणजे इथलं वाण्याचं दुकान, दूधबीध सगळं असतं) एक म्हातारा एकटा राहतो, त्याला दुपारी जिना उतरताना बघते. त्यानं कोणाला ढकलायची धमकी द्यायची?

बाकी काय लिहू. थंडी ओसरली. इरावती आत्याला साष्टांग सांगते. तुमच्या आशीर्वादाची गरज आहे, पण त्याहून जास्त तुम्ही डोळ्यांत थेंब घालण्याची आहे.

तुमची,
सुनेत्रा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. दिवाळीनंतर तुम्ही सहा महिने इकडे येऊन "रमणचं सगळं मी करीन" असं इरावतीला सांगितलंत. ते कौतुकाचं आहे, पण इथे कोणाच्या कानावर घालू नका. घरात करणारं माणूस आलं असं कळलं की आमची मदत लगेच कापतील, आणि ती पुन्हा मिळवायला मला खरोखर कोणाला तरी ढकलावं लागेल. तेव्हा आलात तर पाहुण्या म्हणून या. कोणी बाई येऊन विचारू लागली तर म्हणायचं, मला वाकता येत नाही, मला उचलता येत नाही, मी फक्त भावाला बघायला आले. जमेल का? माझ्या लग्नात तुम्ही अंगात ताप असताना तीन पंगती वाढल्या होत्या आणि कोणाला कळू दिलं नव्हतं, म्हणून मला धास्ती वाटते. आरशासमोर उभ्या राहून सवय करा.

ता. क. दुसरा. इरावतीनं वरचं वाचलं. ती म्हणते आत्याला असं लिहिणं हॉरिबल आहे, त्यापेक्षा नकाच येऊ म्हणावं, सगळं सुरळीत झाल्यावर बघू. तिच्या समाधानासाठी लिहिते, की नका येऊ.

ता. क. तिसरा. ती ऑकलंडला परत गेली. तिकीट काढा. मदतीला माणसं आहेत हो, पण ती सगळी ह्यांना "पापा, पापा" करतात आणि त्यांचीच बाजू घेतात. इथे ह्यांच्यावर चिडायला मी एकटीच असते. तुम्ही आलात की तुम्हीही त्यांचीच बाजू घ्याल हे मला माहीत आहे, पण निदान मराठीत घ्याल. लोणचं आणलंत तर विमानतळावर आधीच सांगा, नाहीतर दंड करतात.